मोटारीचा पोळा

लुगड्यावर हळद सांडली तर काय करायचं हे कोणतीही बाई सांगेल. मोटारीवर हळद लागली तर काय करायचं हे सांगणारा आमच्या वाशीम जिल्ह्यात मी एकटाच असेन. आणि हे ज्ञान मला कसं मिळालं ते ऐकलंत, तर असलं ज्ञान शत्रूलाही मिळू नये असंच तुम्ही म्हणाल.

संपादक म्हणाले, "सुधाकरराव, धंद्यातले अनुभव लिहा." मी आयुष्यभर गाड्या रंगवल्या. लिहिलं काय असेल ते ट्रकच्या पाठीवर, तेही दुसऱ्याने सांगितलेलं. पण बोलायला बसवलं तर मला आवरणं कठीण, असं आमची सौभाग्यवती म्हणते. तेव्हा बोलतो तसंच लिहितो.

लोकांना वाटतं, रंगारी म्हणजे काय, डबा उघडला, फासला, मोकळा झाला. अहो, रंग हा सगळ्यात शेवटी येणारा पाहुणा. आधी जुना रंग खरडून पत्रा उघडा करायचा. पोचे ठोकून काढायचे. मग लांबी भरायची, म्हणजे खड्डे बुजवायचा लेप द्यायचा. तो वाळला की पाणी मारत मारत कागदाने घासायचा, बोटांची सालं निघेपर्यंत. मग अस्तर, पुन्हा घासणं, आणि मग कुठे रंगाचा पहिला हात. एवढं करून गाडी चकाकायला लागते अन् मालक म्हणतो, "झालं, नेऊ का?" झालं कुठे? रंग वरून वाळतो, आतून कच्चाच असतो. मुरायला महिना तरी लागतो. तोवर गाडी म्हणजे ओली बाळंतीण. तिला ऊन, वारा, धूळ आणि प्रेमळ नातेवाईक, चौघांपासून जपावं लागतं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. रिसोडचा एक जीपवाला वांग्याचं फूल घेऊन आला, म्हणे हाच रंग पाहिजे. एसटीच्या गर्दीत फुलाचं भजं झालं होतं. मी त्या भज्याचा रंग दिला. तो म्हणाला, "हाच! बराबर हाच!" आता याला काय म्हणावं? पण मला सांगायचं आहे ते केवलचंदशेठच्या मोटारीचं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं आणि मी रंगारी म्हणून नुकताच कुठे उभा राहत होतो. उभा कसला, ओणवाच म्हणा. दुकानांच्या पाट्या, बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची चाकं आणि पोळा आला की लोकांच्या बैलांची शिंगं रंगवायची, एवढाच माझा पसारा. मोटार रंगवायला गावात कोणी माझ्याकडे आणत नव्हतं. बैलवाल्या रंगाऱ्याकडे मोटार कोण देतो?

केवलचंदशेठ कापसाचे व्यापारी, जैन, वाशिमातलं मोठं घर. इंग्रजांच्या काळात त्यांच्या वडिलांनी एक विलायती मोटार घेतली होती. तिची चाकं चक्क लाकडी आऱ्यांची, आपल्या बंडीसारखी, वरून फक्त रबरी टायर. बरीच वर्षं ती जिनिंगच्या शेडमध्ये पडून होती आणि तिच्यात कबुतरांच्या पिढ्यान् पिढ्या नांदत होत्या. शेठाणी गुलाबबाई नवरी म्हणून घरात आल्या त्या याच मोटारीतून.

त्या वर्षी शेठाणींनी अठ्ठाई करायचं मनावर घेतलं. पर्युषण हे जैनांचं आठ दिवसांचं पर्व. अठ्ठाई म्हणजे ते आठही दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायचं. असं तप पूर्ण करणाऱ्याला वाजतगाजत गावातून मिरवतात, त्याला वरघोडा म्हणतात. शेठाणी म्हणाल्या, "मिरवाचं असन त सासऱ्याच्या मोटारीत मिरवा. नाई त मी आपली घरातच बरी."

अकोल्याच्या रंगाऱ्यांनी मोटार पाहून हात जोडले. मग शेठजींनी मला बोलावलं. मी जन्मात मोटार रंगवली नव्हती. शेठजींनी विचारलं, "जमेल का रे?" मी म्हटलं, "शेटजी, डाव्या हाताचा मळ!" अशी वाक्यं तरुणपणीच सुचतात.

उन्हाळाभर आणि अर्धा पावसाळा मी त्या शेडमध्ये राबलो. इंजिन शेठजींच्या ड्रायव्हरने जिवंत केलं, पण अंगकांती माझी. दुधावरच्या सायीचा रंग दिला, त्यावर बारीक तपकिरी रेघ. एक हात, दोन हात, किती हात दिले विचारू नका. शेवटी बॉनेटमध्ये माझंच तोंड दिसायला लागलं तेव्हा मी तिथे उभ्या उभ्या रडलो. हसा खुशाल. माझा हिशेब साधा होता. ही मोटार वरघोड्यातून फिरली की अख्खं वाशीम माझा रंग पाहणार. तेव्हा लोक मला मोटारीचा रंगारी म्हणतील, नाहीतर जन्मभर शिंगंच.

पण मोटार बाहेर काढली आणि मागचं डावं चाक कुरकुरायला लागलं. इतकी वर्षं कोरडं पडलेलं लाकूड, आरे सैल झाले होते. गॅरेजवाले म्हणाले, आमच्याकडे लाकडाचं काम नाही. लाकडाचं चाक दुरुस्त करणारा माणूस एकच, मंगरूळपीरचे दगडू मिस्त्री. बंड्या आणि दमण्या, म्हणजे माणसं बसायच्या हलक्या बैलगाड्या, बनवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मूळचे ते इंझोरीचे, म्हणजे माझ्या आईच्या गावचे, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे मी गेलो की मामी ताटात इतकं वाढायची की उठता उठता बसायला व्हायचं.

मोटार हळूहळू चालवत आम्ही मंगरूळला नेली. मामांनी तिच्याभोवती चक्कर मारली, चाकाला कान लावला, बोटाने टकटक केलं.

"नवे आरे बसवा लागते. पोळा झाला का दुसऱ्या दिवशी घेऊन जाय."

"मामा, एक डाव सांगतो, रंगाले हात लावू नका. कच्चा आहे अजून."

"मी चाकाचा मानूस आहो बापा. तुह्या रंगाशी माहं काय काम?"

पुन्हा बजावलं. मामीलाही बजावलं. आता एवढं बजावल्यावर माणसाने निर्धास्त राहायला हरकत नव्हती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि शेठजींचा ड्रायव्हर सकाळच्या एसटीने मंगरूळला उतरलो. मिस्त्रींच्या अंगणाबाहेर गर्दी होती. आत पाहिलं अन् माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मोटारीच्या टपावर झूल होती. समोरच्या दोन्ही दिव्यांना बैलाच्या शिंगासारखा लाल हिंगूळ फासला होता आणि वर बेगड चिकटवली होती. बंपरला घुंगरांची माळ. दोन्ही बाजूच्या मडगार्डांना, म्हणजे बैलाचे जिथे खांदे म्हणावेत तिथे, हळद आणि लोणी चोळलेलं. आणि दारांवर, मागे, पुढे, जिथे जागा मिळाली तिथे हळदीच्या हाताचे थापे, माझ्या सायीच्या रंगावर. समोरच्या जाळीत काहीतरी खोचलं होतं. वाकून पाहिलं तर पुरणपोळी.

"मामा!" मी असा ओरडलो की गर्दी चार पावलं मागे सरली. "हे काय करून ठेवलं?"

मामा हसतमुखाने पुढे आले. त्यांना वाटलं मी खुशीने ओरडतोय. "चाक पाह्य आधी. लोण्यासारखं फिरते."

"चाक गेलं खड्ड्यात! रंगाले हात लावू नका म्हनलं होतं ना मी?"

"रंगाले कोनं हात लावला?" मामा खरोखर बुचकळ्यात पडले. "आमी त पूजा केली. अरे, पोळ्याच्या दिवशी दारात उभं आहे, त्याले काय तसंच ठेवाचं? आदल्या दिवशी खांदशेकनी झाली, खांद्याले हळद-लोनी लावलं. तुह्या मामीनं रीतीनं आवतन देल्लं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आता आवतन देल्यावर जेवाले घातल्याबिगर राहता येते काय?"

"मामा, ती मोटार आहे! बैल नाई!"

"वढते ना मानसाले? मंग झालं त." आणि वर मलाच म्हणाले, "तूच त लोकायच्या बैलायचे शिंगं रंगवत होता. आता मोठा साहेब झाला काय?"

बाहेर उभी असलेली म्हातारी मंडळी मान डोलवू लागली. त्यांचं शंभर टक्के मामांना अनुमोदन. मामांनी आयुष्यभर लोकांच्या बंड्या बनवल्या, पण स्वतःच्या दारात बैलजोडी कधी बांधता आली नव्हती. दरवर्षी पोळ्याला लोक आपापले बैल सजवून मिरवायचे आणि हे नवराबायको ओट्यावरून पाहायचे. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्या अंगणात ओढणारं काहीतरी उभं होतं. हे मला आज कळतं. तेव्हा डोळ्यांसमोर फक्त हळद होती.

मामी आतून ताट घेऊन आली होती. माझा अवतार पाहून घाबरली, पदराचं टोक घेऊन मडगार्ड पुसायला धावली. मी खेकसलो, "हात लावू नका मामी! खबरदार हात लावाल तर!" तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

आणि इकडे मी तिच्याशी बोलतोय तोवर मामांनी काय करावं? तांब्या-पितळेची भांडी घासायची राख आणि नारळाची शेंडी आणली, आणि बॉनेटवर हाताचा जोर लावून खसाखसा! मी झेप घेऊन हात धरेपर्यंत परातीएवढा भाग अस्तरापर्यंत खरडला गेला होता. हळद परवडली असती. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, तो हा असा.

मी खाली बसलो. डोकं धरलं. वरघोडा चार दिवसांवर आला होता.

मामांचा चेहरा तेव्हा कुठे उतरला. मग आत जाऊन टोपी घालून आले. "चाल. मी येतो शेटजीकडे."

"तुमी कायले येता? तुमाले कच्चे खातीन ते."

"हात माहे, त गाल बी माहेच. चाल."

शेठजींचा राग साऱ्या बाजारपेठेला माहीत. पेढीवर एखाद्या हमालावर तापले तर एसटी स्टँडवरच्या माणसाला ऐकू जायचं. घुंगरं काढलेली पण हळदीने माखलेली ती मोटार आम्ही दारात उभी केली तेव्हा ते उपाश्रयातून साधूंचं प्रवचन ऐकून परत येत होते. मोटार पाहून थबकले. तोंड लाल झालं. कानशिलं लाल झाली. मी डोळे मिटून घेतले.

पण ते पर्युषणाचे दिवस. या दिवसांत जैन माणसाला राग करायची मुभा नाही, आणि शेठजी नेमधर्माचे पक्के. त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या आणि नवकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. इतक्या जोरात, इतक्या दात-ओठ खाऊन म्हटलेला नवकार मी पुन्हा कधी ऐकला नाही. मामा हात जोडून सांगत होते, "शेटजी, गलती माही आहे, पोराची नाई." शेठजी मंत्र संपवून एवढंच म्हणाले, "संवत्सरी होऊ द्या. मग बोलू." आणि आत गेले. संवत्सरी म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस. शिव्या खाल्लेल्या पुरवल्या असत्या. हे 'मग बोलू' फार भयंकर.

मोटार जिनिंगच्या आवारात नेली. दिव्यांचा हिंगूळ थिनरने निघाला. बॉनेट पुन्हा घासून, लांबी-अस्तर करून रंगवायला घेतलं. पण हळद? साबणाने लोणी गेलं, हळद तशीच. कच्च्या रंगात पार आत शिरली होती. सगळीच मोटार नव्याने रंगवायची तर पावसाळी हवेत महिना हवा. मी हातपाय गाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा एसटीने हजर. सोबत मामीचा निरोप. "ते म्हने, लुगड्यावरची हळद उनात उडते. गाडी उनात ठेवून पाहा."

उन्हात! भाद्रपदातलं ऊन, आत्ता आहे तर आत्ता नाही. पण बुडत्याला काडीचा आधार. मग सुरू झाली आमची सूर्याची चाकरी. ढग बाजूला सरले की मी, मामा आणि ड्रायव्हर मोटार ढकलत आवारात नेणार. शेडची सावली सरकली की पुन्हा ढकल. डावी बाजू झाली की उजवी सूर्याकडे कर. पावसाचा थेंब दिसला की पळव आत. पापड वाळत घातलेल्या बाईसारखे मामा आभाळाकडे पाहत बसायचे आणि मधेच ओरडायचे, "निघालं रे, निघालं! ढकला!"

आणि काय सांगू, हळद उडायला लागली. पहिल्या दिवशी गर्द पिवळी होती ती लिंबासारखी झाली, मग फिकट, मग सायीच्या रंगात मिसळून दिसेनाशी. मामा एकेका थाप्याजवळ डोळे नेऊन पाहायचे आणि लहान पोरासारखे टाळ्या वाजवायचे. मी त्यांच्याशी अबोला धरला होता, तो ढकलता ढकलता कधी सुटला ते कळलंच नाही. माणसासोबत गाडी ढकलत असताना त्याच्यावर रागावून राहणं फार अवघड असतं.

एकच थापा गेला नाही. मागच्या डाव्या दारावर, मुठीच्या खाली, अगदी पाचही बोटं उमटलेला. लहानसा, बाईचा हात. लोणी जास्त झालं असावं, नाहीतर तिथे ऊन कमी पोचलं असावं. वरघोड्याची सकाळ उजाडली तरी तो तिथेच.

संवत्सरी आदल्या दिवशी झाली होती. मोटार शेठजींच्या दारात आणून लावली होती, बँडवाले येऊन उभे होते. माझं सगळं लक्ष त्या थाप्याकडे. मी मुठीवर फुलांची माळ सोडून तो झाकला, वाऱ्याने माळ हलली की तो पुन्हा दिसायचा. मामा बाजूच्या भिंतीआड उभे होते, पुढे यायची हिंमत नव्हती. शेठाणींना दोघी जणी धरून खाली घेऊन आल्या. आठ दिवसांच्या उपवासाने पार सुकल्या होत्या, पण डोळे लखलखीत. मोटारीत चढायला त्यांनी माळ बाजूला केली आणि थांबल्या.

"हे काय रे?"

शेठजी खाली पाहू लागले. त्यांनी घरात चकार शब्द काढला नव्हता. तप करणाऱ्या बाईच्या जिवाला घोर नको म्हणून. शेवटी मी सगळं सांगून टाकलं. खांदशेकणी, आवतण, झूल, जाळीतली पुरणपोळी, काही लपवलं नाही.

शेठाणी ऐकत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं भोवळ येतेय. पण त्या हसत होत्या. बोलायलाही ताकद नसलेली ती बाई दाराला धरून हसत होती.

"म्हनजे मी आठ दिवस उपाशी, अन् माही मोटार पुरनपोळी खाऊन आली!"

आजूबाजूच्या बाया हसल्या, बँडवाले हसले. शेठाणींनी त्या थाप्यावर आपला हात ठेवून पाहिला. "राहू दे हा," म्हणाल्या. "पुसू नको. जेवू घालनारीचा हात आहे." आणि चढून बसल्या.

शेठजींनी विचारलं, "मिस्त्री कुठे आहेत?" भिंतीआडून मामांना ओढून आणलं. शेठजी त्यांच्यासमोर उभे राहिले, भर दारात, गावासमोर, आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, मिस्त्री. मला माफ करा." संवत्सरीला जैन मंडळी वर्षभरात दुखावलेल्या सगळ्यांची अशी माफी मागतात. मामांना काय ठाऊक? ते घाबरून मागे सरले. "शेटजी, तुमी कायले माफी मागता? तुमी त काहीच बोलले नाई."

"तोंडाने नाही बोललो. मनात फार शिव्या दिल्या तुम्हाला. रोज दिल्या."

मामांनी डोळे पुसले. "मनात काहून देल्ल्या शेटजी? तोंडावर द्याच्या होत्या. मले झोप त लागली असती."

शेठजी हसले की त्यांना हुंदका आला ते मला आजही सांगता येणार नाही. बँड सुरू झाला आणि मोटार निघाली. मामा वरघोडाभर मागच्या डाव्या चाकाला कान देऊन चालत होते. चाक कुरकुरलं नाही.

आणि माझा रंग? ज्याच्यासाठी मी उन्हाळाभर बोटं सोलली तो? ऐकून घ्या. लोक म्हणत होते, "चाकं पाह्य कशी आहे!" लोक म्हणत होते, "तो पिवळा पंजा पाह्यला काय?" रंगाबद्दल एकाने, एका माणसाने शब्द काढला नाही. मी घरी जाऊन जेवलो नाही.

थोड्याच दिवसांत रिसोडचा एक ट्रकवाला माझ्या दारात आला. "शेटजीच्या मोटारीवर पंजा काढनारा तूच काय? माह्या ट्रकले रंग दे, अन् दारावर तसाच पंजा पाहिजे." माझं पहिलं मोटारीचं गिऱ्हाईक! आनंद व्हावा की राग यावा? रंग दिला, जीव ओतून दिला, गडद निळा. मग पंजा काढायला बसलो. तीनदा काढला, तीनदा पुसला. दरवेळी हात दिसायचा, पण कोणाचाच नसल्यासारखा. शेवटी ट्रक घेऊन मंगरूळ गाठलं.

मामीला सांगितलं. ती अंगणात आली, पण ट्रकपासून हातभर लांबच उभी राहिली. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"किती सुंदर रंग देल्ला रे सुधाकर!" ती म्हणाली. "त्या मोटारीचा बी असाच होता. मी तवाच म्हनलं होतं यायले, पोरानं जीव लावला आहे."

मी ताटलीत पिवळा रंग ओतून पुढे केला. तिने हात बुडवला, वर उचलला आणि तसाच हवेत धरून ठेवला. पुढे नेईना.

"मामी, लावा ना."

"कच्चा असन ना रे? खराब होईन." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "तू चिडशीन."

मी तिचं मनगट धरलं आणि तिचा हात माझ्या नव्या कोऱ्या रंगावर टेकवला, चांगला दाबून, पाचही बोटं उमटेपर्यंत.

"थंडगार लागते रे," मामी म्हणाली.